फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर नोकरीत चालतं का?

प्रश्न: मुलगा बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या लॅपटॉपवर त्याने उबंटू लिनक्स टाकलंय. क्लासवाले म्हणतात, 'व्हर्जन कंट्रोल' आल्याशिवाय नोकरी नाही. कोर्सचे १८ हजार, सॉफ्टवेअरचे वेगळे. मुलगा म्हणतो, ते फुकट मिळतं. माझा डब्यांचा व्यवसाय आहे, पैसे कसेही उभे करीन. पण फुकटातलं शिकून पुढे अडणार नाही ना? – एक आई, लालबाग

उत्तर: ताई, पैसे उभे करू नका. मुलगा बरोबर सांगतोय.

क्लासवाल्यांचं एवढं मात्र खरं, की हे यायलाच हवं. डब्यांच्या हिशोबाची वही तुम्ही ठेवत असालच. कुणी मध्येच डबा बंद केला तर तुम्ही पान फाडत नाही, खाली तारीख घालून नवी नोंद करता. महिनाअखेरीस वाद झाला की वही उघडून दाखवता. प्रोग्रामची अशी वही ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणजे व्हर्जन कंट्रोल. कुठली ओळ कोणी, कधी आणि का बदलली, हे त्यात राहतं. बिघडलंच तर कालच्या पानावर परत जाता येतं.

युनिक्स, म्हणजे लिनक्स ज्या धर्तीवर बनलं ती जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या जगात ही सोय जुनीच आहे. बेल लॅब्जमध्ये १९७२ साली एससीसीएस नावाचं असं सॉफ्टवेअर तयार झालं, मग आरसीएस, सीव्हीएस आणि सबव्हर्जन आलं. आज बहुतेक कंपन्यांत गिट चालतं. तुमच्या शंकेचं उत्तर या गिटच्या जन्मातच आहे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहिणारी मंडळी आधी बिटकीपर नावाचं एका कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायची. ते त्यांना फुकट मिळत होतं, पण मालकी कंपनीची होती. २००५ मध्ये कंपनीने ती सवलत बंद केली. तेव्हा लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं, आणि जूनमध्ये आलेली कर्नेलची २.६.१२ ही आवृत्ती गिटवरच सांभाळलेली होती.

म्हणजे भीती फुकटाची नाही, दुसऱ्याच्या मर्जीची आहे. गिट जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे. ते वापरायला, उघडून बघायला, बदलायला आणि वाटायला मोकळीक आहे, आणि ती उद्या कुणी काढून घेऊ शकत नाही. नोकरीतही तो हेच गिट वापरेल. शिकण्याचं वेगळं आणि कामाचं वेगळं, असं इथे नसतं.

उबंटूवर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून 'सुडो एपीटी इन्स्टॉल गिट' एवढी एकच आज्ञा इंग्रजीत द्यायची. जुना लॅपटॉप त्याला पुरतो. मर्क्युरियल आणि सबव्हर्जनही असंच मोफत मिळतं, पण सुरुवात गिटपासूनच करू दे. गिटच्या स्वतःच्या साइटवर पूर्ण पुस्तक मोफत आहे, आणि आपल्या पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रमही त्याने जरूर बघावा.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली होती. चौघांचा प्रोजेक्ट, दुसऱ्या दिवशी व्हायवा. पेन ड्राइव्हवर तीन फोल्डर होते: 'फायनल', 'फायनल २' आणि 'खरं फायनल'. एका मित्राने रात्री जुनी फाइल तिच्या नव्या फाइलवर चिकटवली होती आणि तिचं आठवड्याचं काम पुसलं गेलं होतं. पोरगी माझ्यासमोर रडली. हे मनाला फार लागलं, म्हणून सांगतो: गिट पाठ करायचा विषय नाही, रोजची सवय आहे. कॉलेजची साधी असाइनमेंटसुद्धा त्यात ठेवावी आणि प्रत्येक नोंदीला नीट वाक्य लिहावं. 'बदल केला' असं नको, 'तारीख चुकीची दिसत होती, दुरुस्त केली' असं हवं.

गिटहब म्हणजे गिट नव्हे. गिट त्याच्या लॅपटॉपवर राहतं. गिटहब ही ते काम ठेवायची इंटरनेटवरची जागा, आणि तिथलं मोफत खातं पुरेसं आहे. फक्त पासवर्ड असलेली फाइल तिथे चढवू नये. मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा वर्षभराच्या त्या नोंदी मला जास्त मोलाच्या वाटतात.

पैसे घालायचेच असतील, तर लॅमिंग्टन रोडवरून लॅपटॉपला एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, बसवून घ्या, १८ हजारांच्या मानाने किरकोळ खर्च आहे. आणि आज संध्याकाळी डबे उरकले, की त्याला शेजारी बसवून म्हणा, "तुझ्या वहीतली पहिली नोंद मला करून दाखव."