'सेट' या इंग्रजी शब्दाला एवढे अर्थ का आहेत आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

सेटला साडेचारशेच्या आसपास अर्थ आहेत असं तुम्ही वाचलंत, आणि ते पाठ कसे करायचे असं विचारलंय. पाठ करायच्या भानगडीत पडू नका. भाषांतराची कामं नवीनच घेत होतो तेव्हा मी तशी यादी केली होती. पुढच्याच आठवड्यात एका कथेत 'हर फेस वॉज सेट' असं वाक्य आलं आणि मी बिनदिक्कत लिहिलं, 'तिने चेहरा सजवला होता'. ती बाई तेव्हा भांडून घर सोडून निघाली होती!

यादीपेक्षा मला उपयोगी पडलं ते व्याकरण, आणि तेही आपलंच. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे मुळात बसवणे. जुन्या इंग्रजीत अशा जोड्या होत्या, त्यातल्या काही अजून टिकून आहेत. 'फॉल' म्हणजे पडणे, 'फेल' म्हणजे पाडणे (नापास होणे तो 'फेल' वेगळा, हा झाड पाडण्याचा). पडणे-पाडणे, फॉल-फेल. दोन्हीकडे फक्त मधला स्वर बदलतो, हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला फार गंमत वाटली.

आता 'बसवणे' धरून चाला. अंगठीत खडा बसवतात, मोडलेलं हाड बसवतात. इंग्रजीत दोन्हीकडे सेटच. पुढे हा शब्द 'आपण होऊन बसणे' या अर्थानेही वापरात आला. सूर्य क्षितिजाखाली जाऊन बसतो, ओलं सिमेंट घट्ट बसतं, माणसाची मतं एका जागी पक्की बसतात. माझ्या त्या बाईचा चेहराही एका भावावर येऊन असाच घट्ट झाला होता, निर्धाराने.

जिथे 'बसवणे' चालत नाही तिथे बहुधा 'लावणे' चालतं. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, कवितेला चाल लावणे, सगळीकडे सेट. आणि 'लावणे' ज्यातून आलं त्या 'लागणे'कडे एकदा बघा: भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, वेड लागतं, झोप लागते, नंबर लागतो, 'तो तुमचा कोण लागतो' हेही आहेच. ही यादी आपण कधी पाठ केली होती?

आता एक अडचण. भांड्यांचा सेट, टेनिसमधला सेट, गणितातला सेट म्हणजे आपला 'संच', हे 'बसवणे'तून निघत नाहीत. हे नाम मुळात वेगळंच आहे. ते जुन्या फ्रेंचमधून आलं, आणि त्याच्या मागे लॅटिनचा 'सेक्टा' आहे, म्हणजे पंथ, अनुयायांचा गट. 'सेक्ट' हा त्याचाच भाऊ. दोन शब्दांचं रूप एकच झालं, मग अर्थही एकमेकांत मिसळले. त्यातून क्रियापदाची तिन्ही रूपं सेट, सेट, सेट. निम्मा घोळ तिथेच होतो.

सेट ऑफ, सेट अप, सेट इन वगैरेंना मात्र ही युक्ती लावू नका. ते स्वतंत्र शब्द समजून एकेक शिका, दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

राहिला तुमचा आकडा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद सेटची होती, हे खरं आहे. पण नंतर नव्याने संपादन सुरू झालं आणि 2011 मध्ये 'रन'ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदवले गेले आणि पीटर गिलिव्हर या संपादकाचे त्या एका शब्दावर नऊएक महिने गेले. अर्थात मोजणी शेवटी कोशकाराच्या हातात असते. खडा बसवणं आणि हाड बसवणं हा एक अर्थ धरायचा की दोन, हे तोच ठरवतो.