कॉम्प्रेस केलेली फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये थेट बदलता येते का?

थेट बदलता येते, पण साध्या एडिटरमध्ये नाही. तुमची जीझेड फाइल (म्हणजे जीझिप प्रोग्रामने कॉम्प्रेस केलेली, .gz नावाची फाइल) साध्या एडिटरमध्ये उघडून सेव्ह केल्यावर उघडेनाशी झाली, ती तुम्ही काय बदललंत त्यामुळे नव्हे. काहीही न बदलता नुसतं सेव्ह केलं असतं तरी बहुधा तेच झालं असतं. एडिटर त्या बाइट्सना यूटीएफ-८ (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची नेहमीची पद्धत) मजकूर समजतो, न जुळणाऱ्या बाइट्सच्या जागी भलतंच चिन्ह बसवतो आणि सेव्ह करताना तेच लिहितो. ती प्रत आता गेलीच समजा. मूळ प्रत शोधा.

विम आणि ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये मात्र हे काम नीट होतं. विमसोबत येणारा जीझिप प्लगिन (जोड-प्रोग्राम) फाइल आधी उलगडतो, तुम्हाला मजकूर दाखवतो आणि सेव्ह करताना पुन्हा कॉम्प्रेस करून ठेवतो. त्यासाठी मशीनवर जीझिप प्रोग्राम असावा लागतो. विमच्या 'टायनी' या छोट्या आवृत्तीत प्लगिन चालत नाहीत, तिथे कचराच (अर्थहीन चिन्हं) दिसेल. पडद्यावर कचरा दिसला की सेव्ह न करता बाहेर पडायचं, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

झिप उघडली की विम आतल्या फाइल्सची यादी दाखवतो. नावावर एंटर दाबा, बदला, सेव्ह करा. ईमॅक्समध्ये टार फाइल (अनेक फाइल्स एकत्र बांधलेली फाइल) असेल तर आतली फाइल सेव्ह करून भागत नाही. यादीचा बफरही (ईमॅक्समध्ये यादी उघडलेली असते ती जागा) वेगळा सेव्ह करावा लागतो. बदल 'गायब' होतात ते बहुतेक वेळा इथेच. विंडोजवर सेव्हन-झिप या प्रोग्राममध्ये आर्काइव्ह (कॉम्प्रेस केलेला गठ्ठा) उघडून आतली फाइल निवडून एफ४ दाबा. एडिटर बंद केल्यावर सेव्हन-झिप आर्काइव्ह अपडेट करू का म्हणून विचारतो.

ईपब (ई-पुस्तकाची फाइल) हीसुद्धा झिपच, पण तिच्यात 'माइमटाइप' ही फाइल पहिली आणि कॉम्प्रेस न केलेली असावी लागते. सगळं उलगडून पुन्हा झिप करताना हा क्रम हमखास बिघडतो. डिजिटल सही केलेल्या जार फाइलमधली (जावा प्रोग्रामची झिप) सही केलेली फाइल बदललीत, तर सही जुळणार नाही.

काही जीबींचा लॉग (प्रोग्रामने लिहिलेली नोंदींची फाइल) असेल तर एडिटरच्या नादी लागू नका, उलगडलेला सगळा मजकूर मेमरीत येतो. कमांड लाइनवर जीझेड फाइल नुसती पाहायला झीलेस, तिच्यात शोधायला झीग्रेप. बदलायचंच असेल तर झीकॅटचं (फाइल उलगडून मजकूर देणारी कमांड) आउटपुट सेडमधून (मजकुरात बदल करणारी कमांड) जीझिपकडे पाठवून नव्या नावाने साठवा. त्याच नावाने नको: शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) आधी ती फाइल रिकामी करतो, मग झीकॅटला वाचायला काही उरत नाही. नव्या फाइलवर 'जीझिप -टी' (फाइल शाबूत आहे का ते तपासणारी कमांड) चालवा; काही तक्रार आली नाही तरच जुनीच्या जागी ठेवा.