रणांगण आणि माजघर

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा मी दोनदा वाचला. दुसऱ्या महायुद्धातील हिंदुस्थान हा विषय तू घेतलास, याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु पहिल्या भागात परदेशातील लढाया आणि दुसऱ्या भागात देशातील चळवळ व टंचाई अशी जी वाटणी तू केली आहेस, ती मोडावी असे मला वाटते. पलटणीत गेलेली माणसे आणि भूमिगत झालेली माणसे दोन निरनिराळ्या देशांत राहत नव्हती. सातारा जिल्ह्यात तर ती पुष्कळदा एकाच गावात, एकाच भावकीत होती. आणि तुझ्या दोन भागांच्या मधल्या जागेत नेमके हेच हरवणार आहे.

१४ एप्रिल १९४४ हा एकच दिवस घे. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकाच जहाजात भरलेली होती. गाठींना लागलेली आग आटोक्यात येईना आणि अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोटांनी गोदी व आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. आग विझवताना मुंबईच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ साताऱ्याच्या प्रतिसरकारातील, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर चालवलेल्या भूमिगत सरकारातील, क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. त्याच सुमारास इंफाळ आणि कोहिमा येथे जपानी सैन्याला रोखून धरणाऱ्या फौजेत हिंदी पलटणी होत्या आणि पलीकडे जपान्यांच्या बाजूने आझाद हिंद सेना उभी होती, जिच्यात सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले मेजर जनरल होते. हे सारे एका पानावर येऊ दे. वाचकाला गोंधळल्यासारखे होईल, पण तो गोंधळ त्या काळाचाच होता. तो तू आधीच निस्तरून देऊ नकोस.

सैन्यभरतीविषयी तू ‘२५ लाख स्वयंसेवक’ असे एका ओळीत लिहून पुढे गेली आहेस. आकडा बरोबर आहे, आणि सक्तीची भरती झाली नव्हती हेही खरे. तरीही ‘स्वयंसेवक’ या शब्दाशी थांब. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी येथील नेत्यांना न विचारता देश युद्धात उतरल्याचे जाहीर केले आणि त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. अशा युद्धात माण-खटावच्या कोरडवाहू रानातला किंवा कोकणातल्या चार गुंठ्यांच्या वाटणीतला तरुण का गेला? कोणाला दरमहा घरी येणारी मनिऑर्डर हवी होती, कोणाच्या घरात १९१४ च्या लढाईपासून पलटणीची रीत होती, कोणाला नुसते गाव सोडायचे होते. या माणसांना भाडोत्री म्हणणे जितके अन्यायाचे, तितकेच त्या सर्वांना फॅसिझमविरोधी लढ्याचे पाईक ठरवणेही चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

नाईक यशवंत घाडगे यांच्यावरचे तुझे टिपण चांगले आहे. माणगाव तालुक्यातला हा बावीस वर्षांचा तरुण मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत गेला. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकीचे सर्वजण मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर धावून जाऊन त्यांनी तो घेतला आणि तेथेच त्यांना गोळ्या लागल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची ओळखीची कबर नाही. कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. मात्र तू मानपत्राचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा घेतला आहेस. मानपत्र शौर्याची साक्ष देते, पण ते पदक देणाऱ्या सरकारच्या भाषेत लिहिलेले असते आणि तार आल्यावर माणगावकडच्या त्या घरात काय झाले, हे त्यात येत नाही.

घराकडे वळलीस की अन्नापासून सुरुवात कर. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. भात खाणाऱ्या मुंबई-कोकणाला त्याची झळ लगेच लागली आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले. बंगालमध्ये त्याच वर्षी काय घडले, ते तुला ठाऊक आहेच. तेथे युद्धखर्चाने भडकलेली महागाई, जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने काढून घेतलेल्या नावा आणि धान्य, व शासनाची अनास्था यांतून जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे ३० लाख माणसे मेली असावीत असा अंदाज आहे. रणांगणावर पडलेल्या हिंदी सैनिकांची संख्या ८७ हजारांच्या आसपास आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर ‘आघाडी’ हा शब्द कुठे वापरायचा, याचा तुला नव्याने विचार करावा लागेल. युद्ध आणखी कोणत्या वाटांनी घरापर्यंत आले, तेही शोध. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते आणि तेथील कित्येक मुलांचे बालपण पंचगंगेच्या काठी गेले.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी खटाव तालुक्यात मी एका वृद्ध सुभेदारांकडे तीन दिवस जात होतो. पूर्व आफ्रिकेतल्या केरेनचा डोंगर, वाळवंटातली तहान, तोफांचे आवाज हे सारे त्यांनी सांगितले आणि मी उतरवून घेतले. त्यांच्या पत्नी तिन्ही दिवस माजघराच्या उंबऱ्यापाशी बसून ऐकत होत्या. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, “हे तिकडं व्हते तवा धाकला दीर भूमिगत व्हता. पोलीस यायचे, त्यांच्याशी मीच बोलायची.” पुढच्या खेपेला सविस्तर विचारू, असे ठरवून मी एस.टी. पकडली. पुढच्या खेपेला त्या नव्हत्या. ती मनिऑर्डर कोण सोडवून घेत असे, सैनिकाचे घर म्हणून पोलीस नरमत असत की अधिकच संतापत, दिराला भाकरी कोण पोचवी, यातले काहीही आज कोणत्याच दप्तरात सापडणार नाही.

मे महिन्यात तू गावोगाव फिरणार आहेस. त्या पिढीतले आता क्वचितच कोणी भेटेल. त्यांच्या मुली आणि सुना मात्र भेटतील. सैनिकाचा फोटो भिंतीवरून काढून दाखवला जाईल, तो आदराने पाहा, मागे लिहिलेला पलटणीचा क्रमांक उतरवून घे, आणि मग चहा ठेवायला आत गेलेल्या बाईच्या मागोमाग स्वयंपाकघरात जाऊन बस.

तुझा,
सर