बाबांच्या जांघेतल्या गाठीत मेलॅनोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर) निघाला, पण अंगावर डाग कुठेच नाही. मग इलाज कशावर करायचा?

तुमच्या बाबांसारखे रुग्ण असतात. मेलॅनोमाच्या शंभरातल्या साधारण 3 जणांत कॅन्सर सुरू झाला ती मूळ जागा सापडतच नाही. बहुधा शरीराच्या प्रतिकारशक्तीने तो डाग आधीच पुसलेला असतो.

तरी डॉक्टर आधी नीट शोधतात: डोक्याची त्वचा, तोंड, गुदद्वार, जननेंद्रिय, डोळ्याचा पडदा. आपल्याकडे तळवे आणि नखांखाली हमखास बघायला हवं. वावरात अनवाणी फिरणारा माणूस काळा डाग दिसला तरी पऱ्हाटीचं खुंट लागलं असेल म्हणून सोडून देतो. पूर्वी एखादा तीळ काढला वा जाळला होता का, तेही आठवून सांगा. मग पेट-सीटी (आजार अंगात कुठे पसरलाय ते दाखवणारा स्कॅन), मेंदूचा एमआरआय, आणि गाठीच्या तुकड्यावर बीआरएएफ नावाच्या जनुकातल्या बदलाची तपासणी.

आजार फक्त जांघेतच असेल तर तिसरी स्टेज धरून गाठी काढतात, सोबत इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं (पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निवोलुमॅब). हल्ली काही डोस ऑपरेशनआधीच देतात. बीआरएएफ बदल निघाला तर गोळ्यांचाही पर्याय आहे. फुप्फुस-यकृतात पसरला असेल तर मुख्य भर औषधांवरच.

मूळ सापडलं नाही म्हणून घाबरू नका. त्याच स्टेजच्या इतर रुग्णांपेक्षा अशांचं वाईट होत नाही, अनेक अभ्यासांत थोडं बरंच दिसलंय.

औषधं मात्र महाग आहेत. नागपूरला किंवा मुंबईला टाटात जाताना बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी विचारा.