संग्रहालयात पहिल्यांदा कॅमेरा नेताय? मग एवढं लक्षात ठेवा

पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा सुरुवातीला उत्तम जागा आहे, नक्की जा. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे काउंटरवर ‘फोटो काढा’ म्हटलं, की तो कुठेही छापता येईल असं धरून चालणं. संग्रहालयाची परवानगी वेगळी, चित्रकाराचा कॉपीराइट वेगळा. चित्र विकलं गेलं तरी तो हक्क आपोआप खरेदीदाराकडे जात नाही.

भारतात हा हक्क चित्रकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. आंतोनियो त्रिंदाद १९३५ साली गेले, त्यांची चित्रं मोकळी झाली. आंजेलो द फोन्सेका १९६७ साली गेले, म्हणजे २०२७ अखेरपर्यंत थांबा. फ्रान्सिस न्यूटन सूझा २००२ साली गेले, म्हणून थेट २०६२. स्वतःच्या अभ्यासासाठी फोटो ठेवायला हरकत नाही. पोस्टकार्ड, टी-शर्ट, कॅलेंडर करायचं तर कलाकाराची किंवा वारसांची लेखी संमती हवीच. लोकांना खुल्या जागेत कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो मात्र छापता येतो. ही सवलत चित्रांना नाही, तात्पुरत्या प्रदर्शनातल्या शिल्पांनाही नाही.

कॅमेऱ्याचं सोपं आहे:
- फ्लॅश पूर्ण बंद.
- आयएसओ (कॅमेरा प्रकाश किती टिपतो ते) १६००, शटरचा वेग १/६० सेकंदापेक्षा मंद नको, नाहीतर हात हलून फोटो पुसट येतो.
- काचेत तुमचंच प्रतिबिंब येतं. गडद कपडे घाला, किंचित बाजूला सरका.
- प्रत्येक चित्रानंतर त्याच्या पाटीचा फोटो घ्या. कलाकाराचं नाव नसेल तर परवानगी मागणार कोणाकडे?

ट्रायपॉड आधी विचारल्याशिवाय नेऊ नका.