'विलेवारी' झाली, नाव मात्र परसप्पाच

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले, घरात सगळं मराठीच. सासऱ्यांचं नाव आधारवर परशराम आहे पण शेताच्या उताऱ्यावर परसप्पा पडलंय, त्यामुळं पिकाच्या पैशाचं अडकतंय. गावातल्या सेंटरच्या पोराकडनं ऑनलाइन तक्रार केली, त्यानं दोनशे घेतले, पावती काही दिली नाही. पंधरा दिवसांनी त्याच्याच मोबाइलवर कन्नडमध्ये मेसेज आला, म्हणाला 'विलेवारी' झाली. आम्ही खूश, उतारा काढला तर परसप्पा तिथंच! आता परत तक्रार करू का कचेरीत जाऊ? मराठीत अर्ज चालतो का?
— एक सून

उत्तर : ताई, विलेवारी म्हणजे आपली विल्हेवाट हो! काम झालं असं त्यात कुठंच नसतं, फाईल त्यांच्या टेबलावरनं हलली एवढंच. तुमच्यात बहुतेक असं झालं असणार की तक्रार कुणा साहेबाकडं गेली, त्यानं 'अर्जदाराने तहसीलदारांकडे अर्ज करावा' असं एक वाक्य टाकलं आणि बंद केली. त्यांच्या हिशोबात एक तक्रार निकाली, आणि वर आकडा छान दिसतो.

मुळात तक्रार वेगळी आणि अर्ज वेगळा. उताऱ्यातलं नाव तक्रारीनं बदलत नाही, त्याला तहसीलदार कचेरीचा हुकूमच लागतो. 2000 च्या आसपास 'भूमी' ही सरकारची जमिनीच्या नोंदींची कॉम्प्युटर योजना आली तेव्हा तलाठ्यांच्या हातच्या वह्या कॉम्प्युटरवर चढल्या, सोय मोठीच झाली, आधी एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात किती खेटे घालायला लागायचे ते सासऱ्यांना विचारा. पण वहीत जे होतं तेच वर चढलं ना. शेजारचे कन्नड लोक परशरामला मायेनं परसप्पा म्हणणार, कुणीतरी तेच लिहिलं असणार, गावाला माहितीय माणूस एकच, मशीनला ती दोन माणसं दिसतात.

म्हणून आधार, जुना उतारा, रेशन कार्ड, शाळेचा दाखला असेल तर तो, आणि दोन्ही नावाचा माणूस एकच असं अ‍ॅफिडेव्हिट, एवढं घेऊन कचेरीत जा. काउंटरला विचारा, हा अर्ज 'सकाला'त येतो का. 2011 चा कायदा आहे तो, त्यात बसणाऱ्या सेवेला मुदत ठरलेली असते आणि पावतीवर 15 आकडी नंबर मिळतो, उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, भरपाई मागता येते. पैसे किरकोळच, खरा उपयोग असा की त्या नंबरावर वरच्या साहेबाकडं अपील करता येतं. सकालात बसत नसेल तरी शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आणि मोबाइल नंबर घरातल्याच कुणाचातरी द्या, सेंटरवाल्याचा अजिबात नको! त्याचा नंबर घातला की ओटीपी त्याला, मेसेज त्याला, आणि तुम्ही बसा विचारत.

मराठीचं म्हणाल तर गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, घटनेचं कलम 350 तसं सांगतं. पण उत्तर मराठीत द्यायला पाहिजे असं त्या कलमात नाही. माझं स्पष्ट मत, हे काम कन्नडमध्येच करून घ्या, मराठी प्रत हवी तर मागं जोडा. भाषेचं भांडण मी पण भांडतो, पण सासऱ्यांच्या उताऱ्यावर नको, त्यांचे पैसे थांबलेत.

परत तक्रार करायची असेल तर 1902 या सरकारी तक्रार हेल्पलाइनला फोन करून जुन्या तक्रारीचा नंबर सांगा आणि काय शेरा मारून बंद केली ते विचारा. नीट सांगितलं नाही तर 10 रुपयाचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 30 दिवसात उत्तर द्यायला लागतं.

आणि हो, त्या पोराच्या मोबाइलवरचा मेसेज डिलीट व्हायच्या आत स्क्रीनशॉट मागून घ्या, तारीख आणि तक्रारीचा नंबर दोन्ही दिसले पाहिजेत.