रिपोर्ट नॉर्मल, तरी कंबर का धरते?

प्रश्न : माझे वय ४४ असून मी १८ वर्षे घरी ब्लाऊज शिवते. चार वर्षांपासून कंबर दुखते. एमआरआयमध्ये वयानुसार किरकोळ झीज एवढेच निघाल्याने घरच्यांना माझे दुखणे हे काम टाळायचे निमित्त वाटते. बरे वाटेल त्या दिवशी मी पाच-सहा ब्लाऊज हातावेगळे करते, पण पुढचे तीन दिवस उठवत नाही. लग्नसराईची गिऱ्हाइके तुटू लागली आहेत. शिवणकाम सोडावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमचे दुखणे खरे आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान आहे. मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्था हळवी राहते, एरवी जाणवणारही नाही अशा ताणाने कळ उठते आणि हा हळवेपणा एमआरआयमध्ये दिसत नाही. उलट, कंबर मुळीच न दुखणाऱ्या चाळिशीतल्या अनेकांच्या एमआरआयमध्ये अशी झीज आढळते. घरच्यांना एवढा परिच्छेद तरी जरूर वाचायला द्या.

शिवणकाम सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र घोटाळा होतो तो बरे वाटणाऱ्या दिवशीच. साचलेले काम उपसायच्या घाईत तुम्ही सलग बसता आणि त्या एका दिवसाची किंमत तीन दिवस मोजता. म्हणून कामाचे माप दुखण्यावर न ठेवता घड्याळावर ठेवा. किती वेळ बसल्यावर कंबर भरून येते, ते आठवडाभर लिहून काढा. ४० मिनिटे निघाली तर ३० मिनिटांनी, बाही अर्धीच जोडलेली असली तरी, उठून चार पावले चाला. असे उठणे जिवावर येईल, पण बऱ्या दिवशीही हा नेम मोडू नका. कटिंग जमिनीवर वाकून न करता ओट्याएवढ्या उंच टेबलावर उभ्याने करा. रोज दोनच ब्लाऊज झाले तरी गिऱ्हाइकाला दिलेली तारीख पाळता येईल.

झोपेबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. ती मोडत असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण अपुऱ्या झोपेने वेदना वाढते. वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेऊ नका, त्यांनी जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.